पोवळ्याची अंगठी

मूर्तिजापूरच्या फलाटावर माणिकबाई बसल्या होत्या त्याच बाकावर अनोळखी बापलेक येऊन बसले होते. पोरगी मालवणहून परतली होती.

"वादळ झाल्यावर समुद्रात उतरून काय पाह्यलं वं?"

"प्रवाळ, बाबा. फांद्या मोडून पडल्या होत्या. कोणती जिती, कोणती मेली, तेच आमी तपासून राहिलो होतो."

"झाडं होत का ते?"

"नाई. बारक्या बारक्या जिवाईनं बांधलेलं घर."

"जितं कसं वळखता?"

"रंगावरून. मेल्यावर शेवाळ चढते."

"बरं, हात दे इकडे. तुह्या मंगळासाठी पोवळं आणलं. आता तरी लग्न जुयीन."

"बाबा, पोवळं म्हणजे तेच. हेबी कोणाचं घरच होतं."

"मंग काहून रडून राहिली? याले तं रंग हाये ना!"

माणिकबाईंनी आपलं पोवळ्याच्या अंगठीचं बोट हळूच पदराखाली घेतलं.