दारातलं मला कळतं

...आणि महिन्याभरात चार बिजागऱ्या गेल्या हो! सुताराच्या घरात! लोकांना काय सांगू? दुसऱ्यांची दारं मी पंधरा-पंधरा वर्षांची हमी देऊन बसवतो, आणि माझ्या घरचं दार माझीच चौदा वर्षांची पोरगी असं आपटते, की चौकटीतून भुसा गळतो. बरं, कारण विचारावं तर कारण नाही. 'जेवायला ये' म्हटलं... धाड! 'फोन ठेव' म्हटलं... धाड! एकदा तर मी नुसता शिंकलो. धाड!

पण मीही काही कच्चा नाही. तुम्हाला सांगतो, दारातलं मला कळतं. स्क्रू उपटले, मी लांब स्क्रू घातले. पट्टी चिरली, जाड पट्टी मारली. आवाज झाला की मी पेचकस घेऊन हजर, आणि दर वेळी दार आधीपेक्षा मजबूत. शेवटी काय केलं? बँकेच्या दाराला वर तो हात असतो ना, दार हळूहळू लावणारा, तो आणून बसवला. म्हटलं, आपट आता!

तर काय व्हायचं, ती तणतणत आत जायची, दार ढकलायची, आणि दार आपलं... निवांत... येतंय... येतंय... अकरा सेकंद, मी मोजलेत. तेवढा वेळ ती आत लालबुंद होऊन उभी, मी बाहेर पेचकस घेऊन उभा, दोघं एकमेकांकडे बघतोय. तुम्हीच सांगा, असं रागावता येतं का कुणाला? मग तो राग गेला कुठे? पाण्याच्या बाटलीत. स्टीलची बाटली भिंतीवर आदळली, तिच्या धाकट्या भावाच्या कानापासून वीतभर अंतरावर. पोरगं इतकं घाबरलं की रडायचंही विसरलं. तेव्हा मात्र मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, "अहो, दार आपटत होती तेच बरं होतं."

गेलो शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे. सगळं सांगितलं, बिजागऱ्यांसकट. बाईंचा आवाज अगदी साखरेत घोळलेला, "असं बघा, राग चालेल, मारणं-फेकणं चालणार नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं. पण ती भडकलेली असताना नाही. शांत झाली की शेजारी बसायचं, विचारायचं. आणि ती बोलायला लागली की आपण गप्प." मी म्हटलं, बाई, दारातलं मला कळतं, हे जरा... तर म्हणाल्या, "म्हणूनच पेचकस बाहेर ठेवून जा."

ठेवला. काल संध्याकाळी, ती निवल्यावर, आत जाऊन जमिनीवर बसलो. आधी सांगितलं, फेकाफेकी बंद, आणि भावाला सॉरी म्हणायचं. मान हलली. मग विचारलं, काय झालंय तुला? विचारलं खरं, पण माझी नजर आपली सवयीने बिजागरीकडे. तर म्हणाली, "बघ. मी दार आपटलं की तू येतोस, आणि दाराकडेच बघतोस."

आणि मग निघालं सगळं. महिन्यापूर्वी तिने माझ्याच उरलेल्या फळ्यांचं पुस्तकांसाठी शेल्फ केलं होतं. एकटीने. जरा तिरकं होतं, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला तर बोटभर. मी काय केलं, ती शाळेत गेल्यावर सगळं खोललं आणि पुन्हा काटकोनात जोडून ठेवलं. प्रेमाने हो! मला वाटलं, पोरगी खूश होईल.

"ते माझं होतं, बाबा," म्हणाली. "आता ते तुझं आहे."

त्याच आठवड्यात पहिली बिजागरी गेली होती, आणि मी, ज्याला दारातलं एवढं कळतं, तो स्क्रूची लांबी मोजत बसलो होतो. लाज वाटली, खरंच. तरी तोंडाशी आलंच होतं, 'अगं, पण ते तिरकं...' गिळलं. वीस मिनिटं ती बोलत होती. माझ्या चुका, एकेक, तारीखवार. मी गप्प. थांबली तेव्हा वाटलं, सुटलो. गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो, तर पोरगी म्हणते, "बस ना, बाबा. हे फक्त यंदाचं झालं."

बसलो. करतो काय!