आक्काला धाडलेलं कार्ड

मी मूळचा चामटोलीचा, सदाशिव नाव, घरात सदा म्हणायचे. आई लवकर गेली, मंग मोठ्या बहिणीनं, आक्कानं सांभाळलं, भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या दिवसांत मला बांधावर बसवायची नि स्वतः चिखलात राबायची, मध्येच ओरडायची, सदा, खाली उतरू नको रं. तिची शाळा माझ्यापायी सुटली ती सुटलीच, अक्षर नाय आलं तिला. मला मात्र शिकवलं, अंबरनाथला एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो, तिथंच रिटायर झालो.

मंग घरी बसून काय करणार, सांगा. सूनबाई कागदी नॅपकिनची ग्रीटिंग कार्डं बनवायची, म्हणाली, बाबा, बसा माझ्या बाजूला. काय सांगू तुम्हाला, त्या नॅपकिनला तीन पदर असतात, खालचे पांढरे सोलून टाकायचे, चित्राचा वरचा पापुद्रा तेवढा चिकटवायचा, आणि माझी बोटं ही अशी खरखरीत, पापुद्रा बोटालाच अडकायचा. बायको म्हणाली, ह्या माणसाच्या हातून लोखंड वाकंल, कागूद नाय. पण मी हट्टी, फुंकर मारून पदर सोडवायला शिकलो. उल्हासनगरला जाऊन एकेकच नॅपकिन मागायचो, दुकानातला सिंधी शेठ म्हणायचा, काका, पार्टी में एक ही आदमी आ रहा है क्या?

अशात नातू झाला. बारशाला नाव ठेवायला आत्या लागते, माझ्या पोराला बहीण नाय, म्हणजे मान त्याच्या आत्याचा, आक्काचा. आणि आक्का माझ्याशी नऊ वर्षं बोलत नव्हती. चूक माझीच. तिच्या पोराच्या लग्नात मामा म्हणून मी पाठीशी उभं राहायचं, तर कंपनीत शटडाऊन लागला, मशिनी बंद ठेवून दुरुस्ती, साहेब म्हणाला जाऊ नको, मी नाय गेलो. आक्काचा निरोप आला, मामाच्या जागेवर शेजारचा उभा केला, आता तू मला मेलास. फोन केला की कापायची, बारवी धरणापलीकडं तिचं गाव, दोनदा गेलो तर दार लावून घेतलं.

चिठ्ठी लिहून उपयोग नाय, दुसऱ्याकडून वाचून घेईल अशी ती नाय. म्हटलं चित्रच धाडू. पण नॅपकिनवर सगळे गुलाब नि बदकं, भात कुठून आणू? हिरव्या पानांचे बारीक तुकडे फाडून फाडून शेत केलं, मध्ये बांध, बांधावर पोरगा, चिखलात पोरगी, वर पाळणा. चार दिवस गेले. आणि आनंदाच्या भरात मी काय केलं, शुभकार्याचं आमंत्रण म्हणून चारी कोपऱ्यांना ओली हळद लावली! त्या पातळ कागदानं ती अशी शोषली, अख्खं शेत पिवळं. मी रडायचा तेवढा राहिलो. बारसं परवावर, दुसरं करायला वेळ नाय. बायको म्हणाली, धाडा तसंच. पोरगा देऊन आला, म्हणाला, आत्या कार्ड घेऊन आत गेली.

बारशाच्या दिवशी बायका जमल्या, पाळणा सजला, माझं सगळं लक्ष जिन्याकडं. आणि आली की हो आक्का! हातात कार्ड. मला बघितल्याबरोबर सगळ्यांदेखत सुरू, काय रं सदा, फिटर होऊन शेती विसरलास, एवढं पिवळं होईस्तोवर भात उभं ठेवतात काय, दाणा गळून गेला असंल ना सगळा. नऊ वर्षांनी पहिलं बोलणं ते, मी हसत होतो नि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

मंग तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्यात रीत, बायकांनी घातले, मी पण बायकांत घुसून एक हळूच घातला. आक्का म्हणाली, एवढाच? नऊ वर्षांचे राहिलेत की रं.

आता महिन्यातनं एकदा येते, नातवाला मांडीवर घेऊन माझ्या बाजूला बसते, माझ्या कार्डांवरच्या गुलाबांना नावं ठेवते. लय सुखात हाय मी. तुमचं पण चांगलं होवो, आणि बहिणीच्या घरी कार्य असंल तर पहिले तिकडं जावा, साहेबाचं मागनं बघा.