रुखवतात गेलेली केळीची रोपं

जबाब
दि. 11 जून 2023

नाव इन्शिराह मुतवल्ली शल्बी, वय 37 वर्षे, धंदा नोकरी, राहणार रेल्वे स्टेशनच्या मागे, दमन्हूर.

समक्ष रशीद शहराजवळील किनारा पोलीस चौकीत हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या आईसह राहण्यास असून दमन्हूर येथील एका खाजगी प्रयोगशाळेत कामास आहे. आम्ही केळीची रोपं काचेच्या बरण्यांत वाढवतो. बरणीच्या तळाशी साखर व खतं घातलेली जेली असते, तीत केळीचा बारीकसा कोंब रुजवतात. त्या जेलीत मीठ घालणं हे माझं काम आहे. काही बरण्यांत मिठाबरोबर आणखी एक पदार्थ घालते, त्यामुळे जेली ओली असूनही रोपाला तिच्यातलं पाणी ओढता येत नाही. म्हणजे रोपापुरता दुष्काळ.

हवालदारांनी "हा उपद्व्याप कशासाठी?" असं विचारल्यावरून सांगते की, आपल्या किनाऱ्याला समुद्र आत सरकतो आहे, विहिरी खारट होत आहेत व कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. अशा जमिनीत तग धरणारी केळ शोधायची तर बागाच्या बागा लावून मरू देण्यापेक्षा रोपं बरणीत मेलेली परवडतात.

बहुतेक मरतात. आधी पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात, मग पान पिवळं पडतं, मुळं आखूड राहतात, शेवटी कोंब तपकिरी होतो. हे मी बरीच वर्षं पाहते आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र एका वाणाची रोपं पिवळी पडली नाहीत. मी त्यांचे कोंब वाढवून पुन्हा खारट जेलीत घातले, तरी हिरवी राहिली. लहानखुरी राहिली, पण हिरवी. त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बसबूसा, म्हणजे रव्याची पाकातली मिठाई, खाऊ घातली. याहून अधिक तक्रारीशी संबंधित नसल्याने सांगत नाही.

ईदनंतरच्या गुरुवारी, दि. 27 एप्रिल रोजी सकाळी, सदर रोपांच्या बरण्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून मी रशीदकडे निघाले. रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत ती मातीत लावायची होती. आमची प्रयोगशाळा मुरंब्याच्या बरण्याच वापरते, त्या सगळीकडे मिळतात. खोकं संत्र्यांचं होतं, तेही सगळीकडे मिळतं. मी बयूमी नावाच्या इसमाच्या मायक्रोबसमध्ये बसले व खोकं मांडीवर घेतलं. बयूमी आरशातून म्हणाला, "डॉक्टरबाई, ते मागं ठेवा. मागं नवरीचं सामान आहे, त्याला धक्का लागू दिला तर मला जेवायला बोलावणार नाहीत. तुमचंही त्यातच सुखरूप जाईल." मी ठेवलं. गाडीत एक पोक्त बाई सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटत होती व रविवारी मुलीचं लग्न असल्याचं सांगत होती. तिचं नाव पुढे कळलं. थोरल्या मुलावरून तिला सगळे सफवतची आई म्हणतात.

सफवतची आई माझ्या आधी फाट्यावर उतरली. मी रोपवाटिकेशी उतरले, मळ्यातल्या माणसांना गोळा केलं, हात धुतले व खोकं उघडलं. त्यात लिंबाचं लोणचं, भरल्या वांग्यांचं लोणचं आणि खजुराचा मुरंबा निघाला. मळ्यातला माळी म्हणाला, "बाई, ही लावायची कशी? देठ वर की खाली?" मला हसू आलं नाही.

मी रस्त्यावर धावत आले तोवर मायक्रोबस गेली होती. एका मोटरसायकलवाल्यानं मला या चौकीत आणून सोडलं. मी त्या वेळी दिलेल्या तक्रारीत बयूमी ड्रायव्हरनं माझा माल चोरला असं लिहून दिलं. ते मी रागाच्या भरात लिहिलं. बरण्या उन्हात राहिल्या तर आत रोपं शिजतात, आणि झाकण उघडलं तर बुरशी शिरते. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बयूमीला थांब्यावरून आणलं, तेव्हा त्याच्या हातात चहाचा पेला तसाच होता. तो अंमलदार साहेबांना म्हणाला, "साहेब, चाळीस माणसांच्या देखत मला उचललंत. निदान सांगा तरी, चोरलंय काय?"

साहेब म्हणाले, "केळीची झाडं."

"किती मोठी?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

बयूमीनं चहा संपवला. मग म्हणाला, "डॉक्टरबाई, चोरीत अब्रू गेलीच आहे, तर निदान घड तरी लागलेला असता." त्यानंतर त्यालाच आठवलं की फाट्यावर उतरलेल्या बाईला खोकं त्यानंच काढून दिलं होतं आणि दोन्ही खोकी संत्र्यांचीच होती. साहेबांनी एक शिपाई सोबत दिला. लोणच्याचं खोकं घेऊन आम्ही तिघं बयूमीच्याच गाडीतून निघालो. सारा रस्ता मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र बोलत होता. त्यानं गाडी जोरात हाणली, हे मी त्याच्या बाजूनं नमूद करते.

गाव फाट्यापासून आत आहे, समुद्राच्या बाजूला. नवऱ्या मुलाचं घर शोधावं लागलं नाही. दारात दोन टेम्पो उभे होते, आणि गाद्या, पंखा, कपडे धुण्याचं यंत्र हे घरातून बाहेर येऊन पुन्हा टेम्पोत चढत होतं. शिपाई म्हणाला, "रुखवत आत जातं असं ऐकलं होतं."

आत गेल्यावर कळलं ते असं. सफवतच्या आईनं मुलीचं रुखवत मांडलं. गर्दीत कोणीतरी खोकं उघडून बरण्या ओळीनं खिडकीतल्या फळीवर लावल्या. आत हिरवी पानं नि पारदर्शक जेली, दिसायला छान. शेजारणी म्हणाल्या, ही नवी तऱ्हेची मिठाई दिसते, वर पुदिना लावलाय. नवऱ्या मुलाची आत्या, हज्जा अतियात, हिनं ते घर एकटीनं उभं केलेलं आहे व तिच्या शब्दाबाहेर तिथं कोणी जात नाही. तिनं एक बरणी उघडली, चमचाभर जेली तोंडात घातली आणि साऱ्या बायकांसमोर थुंकली. मग खात्री करायला दुसरी उघडली.

मी पोचले तेव्हा हज्जा अतियात म्हणत होती, "गोडात मीठ घालणारी सून आमच्या घरात? उद्या चहात काय घालील?"

सफवतची आई म्हणत होती, "या बरण्या माझ्या नव्हेतच. मी रात्री स्वतःच्या हातानं लिंबं भरली. तुमच्याच घरातल्या कुणीतरी बदलल्यात, माझ्या पोरीला नाव ठेवायला."

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही. तुम्ही म्हणताय."

नवरी मुलगी, रिहाब, भिंतीशी ठेवलेल्या नव्या खुर्चीवर बसली होती. खुर्चीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. नवरा मुलगा सब्री दारात उभा होता व एकदा टेम्पोकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. विचारल्यावरून खरं सांगते की, मी आधी बरण्या पाहिल्या. खिडकीत ऊन यायला थोडंच उरलं होतं. मी त्या एकेक करून सावलीत जमिनीवर उतरवल्या. नवरीकडे मी नंतर पाहिलं.

हज्जा अतियात म्हणाली, "ही कोण आणखी?"

मी सांगितलं की बरण्या माझ्या आहेत, हे केळीचं रोप आहे व मीठ मी घातलं आहे. शिपायानं लोणच्याचं खोकं पुढे ठेवलं. सफवतच्या आईनं त्यातली एक बरणी उचलून छातीशी धरली व रडू लागली, पण तोंडानं बोलणं चालूच होतं, "बघा, लिंबं बघा, मी सांगत नव्हते?"

हज्जा अतियातनं लिंबांकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, "म्हणजे तू या एवढ्याशा जिवांना मुद्दाम खारट खायला घालतेस?"

"हो."

"आणि पाणी?"

"पाणी समोर ठेवते, पण पिऊ देत नाही."

"आणि मग?"

"जी टिकतात ती ठेवते."

ती म्हणाली, "असं सरळ सांग ना, तू त्यांची सासू आहेस."

पहिल्यांदा रिहाब हसली. तिनं तोंडावर हात धरला पण ते थांबलं नाही. तिचं पाहून सब्री हसला. मग दारातला बयूमी, मग शेजारणी. सफवतची आई रडता रडता हसली, त्यामुळे तिला ठसका लागला आणि हज्जा अतियातनं स्वतः उठून तिला पाणी दिलं. पाणी देताना ती म्हणाली, "लिंबं बरी दिसताहेत." माफीचा शब्द मी ऐकला नाही. परंतु बाहेर टेम्पोवाल्यानं विचारलं, "हज्जा, आता गाद्या आत की बाहेर?" त्यावर ती म्हणाली, "पंखा लागायचाय, आणि हा विचारतोय आत की बाहेर." गाद्या आत आल्या. बायकांच्या जीभ नाचवत काढलेल्या आनंदाच्या लकेरी सुरू झाल्या.

उघडलेल्या दोन बरण्यांचा प्रश्न राहिला. त्या परत नेता येत नव्हत्या. हवा लागली की बुरशी धरते व बाकीच्यांनाही लागते. नियमाप्रमाणे टाकून द्यायच्या, असं मी म्हणाले. रिहाब खुर्चीवरून उठून माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं, "टाकायच्याच असतील तर इथं लावून बघू का? काय करावं लागतं?"

मी सांगितलं की जेली पूर्ण धुवायची, मऊ मातीत लावायचं आणि काही आठवडे काचेखाली ठेवायचं, कारण बरणीतल्या रोपाला बाहेरची कोरडी हवा सोसत नाही. हळूहळू काच उचलायची सवय लावायची. हेही सांगितलं की बरणीत टिकलं ते अंगणात टिकेलच असं नाही, फळ कसं येईल ते मला माहीत नाही. तिनं मान हलवली.

"काच कुठली?" सब्रीनं विचारलं.

रिहाबनं रुखवताकडे पाहिलं. त्यात केकवर झाकायचा मोठा काचेचा घुमट होता. तसा प्रत्येक नवरी आणते व तो कपाटात पुढच्या बाजूला राहतो. त्यात केक ठेवलेला मी कोणाच्याच घरी पाहिलेला नाही. ती तो घेऊन अंगणाकडे निघाली. सफवतची आई म्हणाली, "अगं पोरी, त्याच्यासाठी मी अलेक्झांड्रियाला दोनदा गेले."

सगळ्यांनी हज्जा अतियातकडे पाहिलं. अंगणात तिच्या जुन्या केळींचे बुंधे आहेत, खारानं गेलेले, ते तिनं उपटलेले नाहीत. ती अंगणात येऊन त्या बुंध्यांपाशी उभी राहिली. मग म्हणाली, "तिथं नको, तिथं दुपारचं ऊन येतं. भिंतीच्या आड लाव." आणि दुसऱ्या रोपासाठी स्वयंपाकघरातून तिचं स्वतःचं काचेचं भांडं आणून उपडं घातलं. मी रोपं धुऊन लावली. चिखलात तिच्या व माझ्या हातांशिवाय नवरीचेही हात होते, मेंदी लागायची होती म्हणून चाललं.

त्यानंतर बयूमीनं मला बाकीच्या बरण्यांसह रोपवाटिकेत सोडलं. या वेळी खोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यानं ते मागं ठेवायला सांगितलं नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "डॉक्टरबाई, रविवारी लग्नाला चला, तिथं सगळ्यांसमोर मागा, म्हणजे थांब्यावरची माझी अब्रू परत येईल." मी गेले व मागितली. त्याला मांडवात टाळ्या पडल्या. जेवणातली भरलेली कबुतरं उत्तम झाली होती.

आजची स्थिती अशी की, रोपवाटिकेतली बरीचशी रोपं जगली असून त्यांना विहिरीचंच पाणी चालू आहे. काही मेली. हज्जा अतियातच्या अंगणातलं काचेच्या भांड्याखालचं रोप मेलं. घुमटाखालचं जगलं. त्याला बाहेर आल्यावर नवी पानं फुटली असून शेवटचं पान माझ्या तळहाताएवढं आहे. मी दर शुक्रवारी पाहायला जाते. आई म्हणते, माहेरी गेल्यासारखी जातेस.

माझा बयूमी याच्याविरुद्ध किंवा अन्य कोणाविरुद्ध काही आरोप नाही व तक्रार मला पुढे चालवायची नाही. मुद्देमालापैकी परत न मिळालेल्या दोन बरण्यांबाबत विचारल्यावरून सांगते की, बरण्या हज्जा अतियातनं धुऊन दिल्या आहेत. रोप मी परत मागितलेलं नाही. मागून पाहिलं असतं तरी मिळालं नसतं. तिचं म्हणणं आहे, "रुखवतात आलेलं परत जात नाही." त्या केळीला अजून बुडाशी पिल्लं फुटलेली नाहीत, परंतु ती कोणाकोणाला द्यायची हे तिनं आजच ठरवून टाकलं आहे. पहिलं सफवतच्या आईला, दुसरं बयूमीला, पुढे गल्लीतल्या बायका. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, हे मी प्रत्येकीला समजावून सांगितलं. कोणीही ऐकून घेतलं नाही.

जबाब लिहून होत आल्यावर अंमलदार साहेबांनी हवालदारांना चहा सांगायला बाहेर पाठवलं व त्यांच्या घरामागच्या विहिरीचं पाणी खारट झाल्याचं सांगून माझ्याकडे एक गोष्ट मागितली. ती जबाबात घ्यायची नाही असं त्यांनी सांगितल्यामुळे लिहिलेली नाही. मी हो म्हटलं आहे.

हा माझा जबाब मला आमच्या बोलीत वाचून दाखवला, मी ऐकला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे. सही करते.