यंत्राचं कपाळ

अरे, माणच्या टेकडीवरच्या आमच्या यंत्राचं सांगितलं का तुला? मूळचं ते तारे बघायचं इन्फ्रारेड यंत्र, पण आम्ही ते सूर्याकडं लावून मधल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतो. खंडेनवमीला सकाळीच आकडे बंद! पुण्याहून आमच्या प्रमुख मॅडमचा फोन. पळत वर गेलो, तर भिंगावर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं ओढलेली.

राखणदार तात्या, जुने फौजी. म्हटलं, "तात्या, भिंगावर कशाला?"

"आवं सायेब, फौजेत आमी तोफंला बी लावायचो. ह्याला दुसरं कपाळ कुठं हाय?"

मी रुमाल काढला. तात्या ओरडले, "सणाचं कुंकू पुसताय व्हय?"

मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू दे. हवा काय कुठं पळून जात नाही."