अर्ध्या किलोची दोन वजनं

सिस्टर: आणि हे काय आहे, काका?

काका: जॅकेट आहे माझं.

सिस्टर: जॅकेट खुंटीवरून पडलं तर ठण्णकन आवाज झाला. फरशीचा टवका उडालाय. खिशात काय आहे?

काका: आधी मला उठून बसू दे.

सिस्टर: उठायचं नाही. पाय वरच राहू देत. दहा मिनिटांपूर्वी डोळे पांढरे केले होते तुम्ही. बीपी सत्तरवर आलं, पोटरीत गोळे आले. ओरडलात ते आठवतंय का?

काका: काय ओरडलो?

सिस्टर: "शटर खाली घे."

काका: दुकान बंद करून चार वर्षं झाली, अजून जिभेवर आहे बघ.

सिस्टर: विषय बदलू नका. अर्ध्या किलोची दोन वजनं आहेत खिशात. दुकानातलीच ना?

काका: तराजू देऊन टाकला, वजनं ठेवून घेतली. शिक्का बघ त्यांच्यावर. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे.

सिस्टर: ही खिशात घालून तुम्ही आमच्या काट्यावर उभे राहता?

काका: हो.

सिस्टर: कधीपासून?

काका: तीन आठवडे झाले असतील.

सिस्टर: काका, तुमचं ठरलेलं वजन अठ्ठावन्न. आज काटा साडेएकसष्ट दाखवत होता. म्हणजे साडेतीन किलो पाणी साठलंय असं धरून मी डायलिसिसचं मशीन लावलं. खरं साठलं होतं अडीच. वरचं एक लिटर मी कुठून काढत होते? तुमच्या अंगातलं. लागतं ते.

काका: जाताना वजन करतेस तेव्हाही जॅकेट घालतोच की मी. हिशेब जुळतो.

सिस्टर: कागदावर जुळतो. तुम्ही इथून झोकांड्या खात जाता त्याचं काय? त्यासाठी गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तुमची बीपीची गोळी बंद केली. हृदय दमलंय म्हणून तपासणी लिहून दिली.

काका: त्यांना म्हणावं, हृदय बरं आहे.

सिस्टर: हसू नका. बीपी असं पडत राहिलं तर डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली ही नस बंद पडेल, तिची थरथर थांबेल. मग सुई कुठे टोचू? तीन वर्षांत कुणाला नसेल जपलं इतकं मी या हाताला जपलंय.

काका: माहीत आहे गं मला.

सिस्टर: मग का केलंत? पाणी जास्त पिता आणि लपवता, असे पेशंट पुष्कळ बघितलेत. वाढवून दाखवणारे तुम्ही पहिलेच.

काका: तीन किलोच्या वर गेलं की तू अर्धा तास जास्त ठेवतेस.

सिस्टर: त्या अर्ध्या तासात काय ठेवलंय? चार तास सुया टोचून पडल्यावर लोक घड्याळाकडे बघत असतात.

काका: लोकांचं घर असतं.

सिस्टर: तुमचंही आहे.

काका: खोल्या आहेत. परवा इथून गेलो, बसमधून उतरताना कंडक्टरला "थांब" म्हणालो. त्यानंतर आज सकाळी तुला "आलो गं" म्हणालो. मधे एक शब्द नाही. काल तर आवाज आहे की गेला बघायला आरशासमोर उभं राहून स्वतःला हाक मारली.

सिस्टर: मुलगी फोन करते ना?

काका: रविवारी. तिची पोरं मागे कालवा करत असतात, ती म्हणते, "बाबा, तुम्ही बोला, मी ऐकतेय." मग मलाच काही सुचत नाही. दुकानात दिवसाला दीडशे माणसं बोलायची माझ्याशी. साबण द्या, सुट्टे नाहीत, पाय दुखतोय, सून नीट बोलत नाही. तेव्हा कंटाळा यायचा.

सिस्टर: पण इथे तरी कोण बोलतं तुमच्याशी? सहा बेड आणि मी एकटी.

काका: अर्ध्या तासाने तू येतेस. बीपीचा पट्टा फुगतो. तू विचारतेस, "बरं वाटतंय ना, काका?" चार तासांत आठ वेळा. साडेचार झाले की नऊ.

सिस्टर: एका वेळेसाठी?

काका: एका वेळेसाठी.

सिस्टर: काका, मी ते तक्त्यात लिहायचं असतं म्हणून विचारते. तुमचं उत्तर यायच्या आधी मी पुढच्या बेडपाशी असते.

काका: ठाऊक आहे की. मी मशीनलाच सांगतो, "बरं आहे." पण विचारतेस तर खरं.

(सिस्टर दोन्ही वजनं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवते.)

काका: आता डॉक्टरांना सांगशील. मग मला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतील.

सिस्टर: सांगणार तर आहेच. गोळी परत सुरू करावी लागेल. पाठवू मात्र देणार नाही. आणि हेही लिहीन, की वजन करताना जॅकेट काढायला मी सांगितलं नाही.

काका: तुझं काय चुकलं? पन्नास वर्षांत कुणाला मापात मारलं नाही, आता मारलं ते मी.

सिस्टर: काट्याजवळ मी उभी होते. आकडा बघत होते, तुमच्याकडे नाही. हात सरळ करा, सुया काढते.

काका: दे तो कापूस, मी धरतो दाबून.

सिस्टर: नको. पूर्वी आम्हीच धरायचो. माणसं कमी झाली तशी तुमच्या हातात कापूस दिला. आज मी धरते.

काका: बाकीचे बेड?

सिस्टर: सगळे गेले. पुढची पाळी दीड वाजता.

काका: तुझा डबा राहिलाय.

सिस्टर: राहू दे.

काका: बोटं गार आहेत तुझी.

सिस्टर: सारखे हात धुवावे लागतात. तुमची नस थरथरतेय छान. चालू आहे.

काका: रक्त थांबलं असेल एव्हाना.

सिस्टर: नाही अजून.

काका: कापूस उचलून बघितलाही नाहीस.

सिस्टर: बरं वाटतंय ना, काका?

काका: बरं आहे.

सिस्टर: मशीन बंद आहे. मला सांगा.

काका: नाही गं. बरं नाही वाटत.