सहा वेळा चार पॉइंट दोन

(भूमच्या दूध डेअरीतले वायरमन रेवणप्पा सकाळचं काम उरकून घरी आले आहेत. त्यांना अज्जा म्हणणारी नात शिवप्रिया सहावीत आहे. तिची आई भुवनेश्वरी डेअरीत स्क्रीनवर लक्ष ठेवते. आत्ता शेजारीच काही लिहीत बसली आहे.)

शिवप्रिया : पण अज्जा, मशीन चालवणारे कंट्रोलर तीन अन् दुधाच्या टाकीत थर्मामीटर एकच. पुरतो कसा?

अज्जा : वर्गात मागच्यांना फळा दिसत न्हाय, तवा काय करता?

शिवप्रिया : पुढची निकिता मोठ्यांदा वाचते. आम्ही लिहून घेतो.

अज्जा : झालं की! पहिला कंट्रोलर तापमान वाचतो अन् केबलीतून सांगतो. दूध गार करणारा ऐकतो, पंपवाला ऐकतो, आईची स्क्रीनबी ऐकते.

शिवप्रिया : अन् निकिता मधेच गप्प झाली तर?

अज्जा : तुम्ही ओरडाल. ह्या कंट्रोलरांना शिकवलं तरच ओरडतात. न्हायतर शेवटचा आकडाच खरा धरून बसतात.

शिवप्रिया : किती वेळ?

अज्जा : केबल जोडेपर्यंत. आज सकाळी म्याच पहिल्याची ढिली केबल घट्ट केली, म्हंजे काल...

शिवप्रिया : तुम्ही का गप्प झालात? निकितासारखे!

अज्जा : भुवने, कालच्या नोंदवहीचा फोटो हाय का?

आई : हा घ्या. काय उपयोग, अप्पा? कालचं टाकीतलं दूध नासलं ते नासलंच. साहेब म्हणतात, न बघताच आकडे भरलेस. दुपारपर्यंत लेखी माफी दे, न्हायतर उद्यापासून येऊ नको.

शिवप्रिया : सहा वेळा चार पॉइंट दोन? आई, आमच्या बाईपण कॉपीच म्हणाल्या असत्या.

आई : तूही म्हण! दर तासाला बघितलं गं मी. स्क्रीनवर तेच होतं.

अज्जा : तेच असणार. केबल सुटली तवाचा आकडा तो. गार करणाऱ्यानंबी तोच धरला, म्हणून मशीन चालूच केलं न्हाय.

शिवप्रिया : मग खरं तापमान कुणालाच ठाऊक न्हाय?

अज्जा : पहिल्याला हाय. तो वाचतच होता, ऐकायला कुणी नव्हतं. त्याच्याकडं मिनिटामिनिटाची नोंद असते. तीच साहेबांपुढं ठेवतो.

शिवप्रिया : अज्जा, निकितानं प्रत्येक आकड्याबरोबर एक, दोन, तीन मोजलं तर? मोजणी थांबली की कळेल, ती गप्प झाली.

अज्जा : तसंच करतात, बाळा. म्या केलं नव्हतं. आज करतो, अन् वर घंटाबी बसवतो.

आई : अप्पा, मग हे तुमच्यावर येईल की.

अज्जा : येऊ दे. जोडणी माझ्याच हातची हाय.

शिवप्रिया : आई, तो कागद फाडू?

आई : नको. ‘माफी असावी’ एवढंच खोडते. बाकी सगळं खरंच लिहिलंय.