घंटेचा आवाज संपेपर्यंत

...अहो, मुलाला शांत करायचं हे ठीक आहे, पण ज्याच्या मांडीवर ते बसलंय त्याचं काय? जावळ म्हटलं की मांडी मामाची! आणि मामा म्हणजे मी, रत्नाकर, पद्माताईचा एकुलता एक भाऊ, म्हणजे दुसरी मांडीच नाही! ताई पुण्याहून साडेतीन वर्षांच्या लेकाला, वेणूला, घेऊन आली इथं काशीला, संकठा घाटावर नवसाचं जावळ काढायला, आणि नेमकं त्याच दिवशी मला गंगेपलीकडे रामनगरला मुलगी बघायला जायचं. शरदिनी! फोटो पाहिल्यापासून तुम्हाला सांगतो, झोप नाही. तिचे दत्तात्रेयकाका होडी घेऊन घाटावरच मला न्यायला येणार होते. म्हटलं, ताई, फटाफट उरकू. तर म्हणते, "फटाफट नाही हं. मुलांना शांतपणे हाताळायचं असतं. मी शिबिर केलंय."

शिबिर!

न्हाव्यानं वस्तरा काढला आणि वेणूनं गळा काढला. पार अमृतराव घाटावरची कबुतरं उडाली हो! ताई म्हणाली, "वेणू, फूल हुंगायचं... आणि दिवा फुंकायचा, फूऽऽ." म्हणजे श्वास आत, श्वास बाहेर, दिवा आपला मनातला. पण समोर गुरुजींचा खराखुरा दिवा तेवत असताना मनातला कोण फुंकणार? फूऽऽ! गुरुजी ताडकन उठले. "अगं, काशीत दिवा फुंकायला शिकवतेस?" आणि ताई माझ्याकडे बघून, "शांत, रत्नू, शांत!" आता मी काय केलं होतं?

मग बेडूक. बेडूक म्हणे डबक्याकाठी न हलता बसतो, नुसतं पोट वर-खाली. वेणूला बेडूक एकदम पटला... पण बसणारा नाही, उडी मारणारा! आणि डबकं कुठलं? गंगा! शेवटच्या पायरीवर धरला मी त्याला, बंडीला पकडून. "शांत, रत्नू, शांत!" तिकडे न्हावी परेशान. "भइया, बचवा हिली त कान कट जाई, फिर हमके मत कहिहा!"

शेवटी घंटा. ताईनं पिशवीतून चिमुकली घंटा काढून वाजवली. "डोळे मिटून आवाज ऐकायचा. पूर्ण संपला, की मगच डोळे उघडायचे." पुण्यात संपत असेल हो! इथं वर संकठामाईचं देऊळ. ताईची विरते न विरते तोच वरची टण्ण, ती विरते तोवर शेजारची, मध्येच कुणाचा शंख... काशीत घंटा संपते कधी? पण पोरगं इमानदार! मिटले डोळे ते मिटलेच. हूं नाही की चूं नाही. फक्त कुजबुजलं, "मामा, तू पण." मिटले. काय करता?

वस्तरा चालला सर्र सर्र. अर्धं डोकं झालं, आणि न्हावी म्हणतो, "तनी पान खा के आवत हई." अर्ध्या डोक्यावर पान! पानाला गेलेला बनारसी परत कधी येईल, ते विश्वनाथालाच ठाऊक. ताई माझ्या कानाशी, "हललास-बोललास आणि हा उठला, तर उरलेलं अर्धं तूच काढ. शांत, रत्नू..."

झालो शांत. मांडीला मुंग्या, कपाळभर गुरुजींनी फासलेलं चंदन, गळ्यात झेंडूची माळ, मांडीवर अर्धमुंड शिष्य! कुणी एक म्हातारी पुढ्यात फूल ठेवून पाया पडून गेली, ते बांगड्यांवरून कळलं मला. आणि तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज. "रत्नाकरराव ना? फोटोवरून ओळखलं. निघायचं? घरी सगळे वाट बघतायत." दत्तात्रेयकाका! बोलावं तर वेणू किंचाळणार, न बोलावं तर शरदिनी... मी डोळे मिटूनच पंजा वर केला. जरा थांबा, म्हणून! अहो, दुसरा काही अर्थ निघतो का त्यातून? काकांचा आवाज एकदम देवळातला झाला. "नाही नाही... चालू द्या, चालू द्या..." आणि वल्ही लांब गेली.

न्हावी आला पान चघळत, वेणूचं डोकं तुळतुळीत झालं, नवस फिटला, ताई खूष. संध्याकाळी शरदिनीच्या वडिलांचा फोन. "मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण विरक्त आहे. आमच्या शरूला संसार करायचाय." मी ओरडलो, "अहो, कसला विरक्त? मला सिनेमा आवडतो, कचोरी आवडते, राग येतो, तुमची मुलगी आवडते!" तर ते म्हणतात, "बघा, किती हा विनय!"

तर ते स्थळ गेलं. शरदिनीची आजी मात्र रविवारी घाटावर यायचं म्हणते आहे... माझ्या दर्शनाला.

म्हटलं, येऊ द्या.